फ्रिट्झ पोलार्ड यांचे प्रशिक्षकपद नावापुरते होते का?

मैदानी:
पोलार्ड यांना व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणणे ही सोयीची मांडणी असून १९२१ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन प्रोज संघ खरे तर त्यांचे गोरे सहकारी एल्गी टोबिन चालवत होते, असे 'तटस्थ' यांनी काल लिहिले. हे वाचून गप्प राहवले नाही. त्या काळी मैदानाबाहेरून सूचना देण्यास नियमानेच बंदी होती, त्यामुळे डाव मैदानात खेळणाऱ्यालाच ठरवावा लागे. आणि १९२० मध्ये एकही सामना न हरता विजेता ठरलेल्या त्या संघात पोलार्ड यांच्याइतका चतुर खेळाडू दुसरा नव्हता.

तटस्थ:
असहमत. नोंदींत टोबिन यांचेही नाव आहे. सहप्रशिक्षक म्हणा, वाद मिटेल.

ओहायोकर:
अवांतर होईल, पण मी अ‍ॅक्रनजवळच राहतो, म्हणून लिहितो. हा प्रशिक्षक, म्हणजे पोलार्ड, कपडे बदलायला संघमालकाच्या सिगारच्या दुकानात जात असे. खाली पाडल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी अंगावर उड्या मारू नयेत म्हणून ते उताणे होऊन पाय झाडत. आणि १९३४ ते १९४५ या काळात एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, त्याचे काय?

तटस्थ:
तशी लेखी बंदी कुठेही नव्हती.

ओहायोकर:
लेखी नव्हती, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली! शिकागो बेअर्स संघाचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी आपल्यासाठी दारे बंद केली, असा पोलार्ड यांचा आरोप होता. हॅलस यांनी तो नाकारला, हे मला ठाऊक आहे. पण वॉशिंग्टनच्या संघाने १९६२ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला नाही, हे कोण नाकारणार? पोलार्ड यांनी मात्र न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स या कृष्णवर्णीयांच्या संघाला प्रशिक्षण दिले.

मैदानी:
आमच्या गावच्या कबड्डी संघाला माझे काका रोज पहाटे शिकवत, आणि स्मरणिकेत प्रशिक्षक म्हणून चिटणीसांचे नाव छापून येई. तेव्हापासून 'नोंदींत नाव आहे' एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

तटस्थ:
काकांची गोष्ट हा पुरावा नव्हे. तरीही १९२१ पुरता 'सहप्रशिक्षक' हा आग्रह कायम ठेवून 'नावापुरते' हा शब्द मी मागे घेतो, कारण पुढे इंडियानातील हॅमंडच्या संघातही त्यांनी प्रशिक्षकपद सांभाळले होते.

ओहायोकर:
एवढे मान्य असेल, तर आर्ट शेल यांच्या रूपाने दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक यायला १९८९ का उजाडले, आणि १९८६ मध्ये वारलेल्या पोलार्ड यांना कँटनच्या व्यावसायिक फुटबॉल हॉल ऑफ फेम या सन्मान-दालनात २००५ मध्ये जागा का मिळाली, यावर बोला.