जिनिव्हाचे आकाश आणि आपला अगस्त्य
पातेक फिलिप या स्विस कंपनीचे 'सेलेस्टियल' हे ताऱ्यांचा नकाशा दाखवणारे महागडे मनगटी घड्याळ जगात कुठेही घातले तरी आपल्या डोक्यावरचे आकाश दाखवते, असे सांगितले जाते. ते खरे नाही. त्याच्या तबकडीवर जी लंबवर्तुळाकार चौकट दिसते, तिच्या आतले आकाश जिनिव्हातून, म्हणजे सुमारे ४६ उत्तर अक्षांशावरून दिसणारे असते. घड्याळ स्थानिक वेळेला लावले की रेखांशाचा फरक बहुतांशी भरून निघतो, पण अक्षांश त्या चौकटीतच पक्का केलेला असल्यामुळे तो कोणत्याही किल्लीने बदलता येत नाही.

आपल्याकडे हा फरक किती मोठा आहे, याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे अगस्त्य. व्याधाखालोखाल आकाशातला दुसरा तेजस्वी असलेला हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ ५३ अंश दक्षिणेला असल्याने जिनिव्हाच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही. पुण्यातून मात्र माघातल्या रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला १९ अंशांपर्यंत चढलेला असतो, आणि सह्याद्रीतल्या एखाद्या मोकळ्या माथ्यावरून तो पाहताना मला दर वर्षी तितकाच आनंद होतो. याउलट ध्रुवतारा जिनिव्हात अर्ध्या आकाशापर्यंत उंच, तर इथे जेमतेम १८-१९ अंशांवर असतो. चंद्राच्या कला सगळीकडे सारख्याच असल्याने घड्याळाचा त्या दाखवणारा भाग इथेही बरोबर चालतो. कारागिरीबद्दलचा माझा आदर तर तसूभरही कमी होत नाही. तरीही इतकी किंमत मोजणाऱ्याला ही चौकट कोणत्या गावची आहे, हे विक्रेत्याने आधीच स्पष्ट सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.