पकडलेला सांकेतिक संदेश: कागद हाती आल्यावर सुरुवात कुठून करायची?

शोधयात्री (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पोलिसांचे जे बिनतारी संदेश ब्रिटिशांनी पकडून उकलले, त्यांच्या काही पानांच्या प्रती अभ्यासाला घेतल्या आहेत. ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातली एचडब्ल्यू 16 ही मालिका. टंकलिखित जर्मन मजकूर, मध्येच गाळलेल्या जागा, प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांची एक ओळ, आणि काही ठिकाणी बेरजाच लागत नाहीत. शंका दोन. या पानाला ‘मूळ संदेश’ म्हणायचं का? आणि दुसऱ्या संग्रहात जिथे उकल नाही, नुसते पाच-पाच अक्षरांचे गट आहेत, तिथे काय करता येतं?

बिनतारी_कान

मूळ म्हणू नका. जर्मन चालकाने मजकूर कूटात बदलला, मोर्समध्ये पाठवला, इंग्लंडमधल्या कुणी तो खरखरीतून ऐकून कागदावर उतरवला, तिथून तो ब्लेचली पार्कला (ब्रिटिशांचं कूट उकलण्याचं केंद्र) गेला, तिथे उकलला आणि मग टाइप झाला. तुमच्या हातात आहे तो या साखळीचा शेवटचा कागद, आणि चूक कुठल्याही कडीत शिरलेली असू शकते. त्यामुळे प्रत्येक पानावर आधी टाचण करा: हा कच्चा उतारा, उकल, भाषांतर की सारांश? सारांशावरून शब्दांचा कीस काढण्यात अर्थ नाही. माहिती कुठून मिळाली हे लपवायला त्याची भाषा मुद्दाम बदललेली असे.

डोक्यावरच्या ओळीकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि तिथेच निम्मं काम असतं. ‘ओएलक्यू डीई ओएमक्यू 1005’ म्हणजे ओएमक्यू या केंद्राकडून ओएलक्यूला, वेळ 10:05. तारखेसाठी तक्त्यात दोन रकाने ठेवा: संदेश पाठवल्याची आणि उकलीच्या प्रती वाटल्याची. शेजारी वेळ कुठल्या घड्याळाची, जर्मन की ग्रीनिच, तेही लिहा. हे मिसळलं की घटनाक्रम उलटासुलटा होतो.

पडताळा

बेरीज न लागणं हा त्रास नाही, तो धागा आहे. तुमच्याच मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध संदेश घ्या: 11 जानेवारी 1943, लुब्लिनहून नाझी एसएस अधिकारी हेरमान ह्योफ्लेने क्राकूवला पाठवलेला. त्यात 1942 अखेरचे आकडे आहेत:

एल 24733, बी 434508, एस 101370, टी 71355, एकूण 1274166.

चारांची बेरीज येते 631966. एकूण आकड्याला 642200 कमी पडतात. आता टी च्या जागी 713555 घाला, बेरीज बरोबर 1274166. म्हणजे सलग तीन पाचांतला एक गळला. एकच चिन्ह लागोपाठ आलं की उतरवताना नेमकं हेच होतं. संदेशातली दुसरी ओळ (12761, 0, 515, 10335, एकूण 23611) जशीच्या तशी जुळते, म्हणून पाठवणाऱ्याची बेरीज कच्ची होती असंही म्हणता येत नाही.

ती अक्षरं म्हणजे लुब्लिन (मायदानेक), बेल्झेत्स, सोबिबोर आणि त्रेब्लिंका या नाझी छावण्या, आणि आकडे तिथे मारायला आणलेल्या ज्यूंचे. संदेशात छावण्यांची नावं नाहीत, माणसांचा उल्लेखही नाही. आहेत ती आद्याक्षरं आणि आकडे. इतिहासकारांनी त्याचा अर्थ लावून तो 2001 मध्ये प्रसिद्ध केला, तोवर कागद तसाच पडून होता. उकललेला संदेश आणि समजलेला संदेश यांत फरक असतो तो हा.

शोधयात्री

पण हरवलेला आकडा आपण भरायचा म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ नाही का?

पडताळा

उताऱ्यात भरायचा नाही. उताऱ्यात 71355 च राहील; चौकटी कंसात 71355[5] आणि तळटीपेत बेरीज. टिंबं, कोऱ्या जागा, खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी. ‘शुद्ध’ केलेली प्रत वेगळ्या फाइलमध्ये.

गटमोजणी

दुसऱ्या शंकेबद्दल. आधी संकेतपुस्तिका की अक्षरांचं कूट, हे ठरवा. आकड्यांचे गट कमी-जास्त लांबीचे असतील तर बहुधा पुस्तिका. 1917 चा झिमरमन तारसंदेश (जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोसाठी पाठवलेला) सुरू होतो 130, 13042, 13401, 8501, 115 असा. इथे प्रत्येक गट म्हणजे एक शब्द, शब्दसमूह किंवा अंक. पुस्तिकेत ‘अ‍ॅरिझोना’ नव्हतं, म्हणून ते चार तुकड्यांत पाठवलं: 5454, 16102, 15217, 22801. अशी तोडलेली विशेषनामं हाती लागली की पुस्तिका उलगडायला फार मदत होते.

अक्षरांचे गट असतील तर निदान दोनशे अक्षरं मोजा. जर्मन मजकुरात ‘ई’ साधारण 17 टक्के येतो. तेवढाच आला तर अक्षरं तीच आहेत, फक्त जागा बदलल्यात. सगळी अक्षरं 4 टक्क्यांच्या आसपास सपाट दिसली तर एनिग्मासारखं (जर्मनांचं फिरत्या चक्रांचं) कूटयंत्र धरून चाला.

लष्करी एनिग्मात 1 मे 1940 नंतर शीर्षओळीत तीन-तीन अक्षरांचे दोन गट दिसतात: चालकाने निवडलेली चक्रांची सुरुवातीची जागा, आणि तिच्यावर कूट केलेली संदेशाची किल्ली (म्हणजे खुद्द मजकुरासाठीची चक्रांची जागा). मजकुराचा पहिला पाच अक्षरी गट ओळखखुणेचा (कुठली किल्ली वापरली ते सांगणारा) असतो, तो उकलीत घ्यायचा नाही. अक्षरसंख्येत मात्र तो धरलेला असतो. पुष्कळांची पाचाची चूक इथेच होते.

मजकुरात असेल असा अंदाजाचा शब्द कूटावर सरकवून पाहताना एक गोष्ट हाताशी ठेवा: एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात येत नाही. वीस अक्षरांचा अंदाज असेल तर एवढ्या एका नियमाने निम्म्याहून थोड्या अधिक जागा बाद होतात. ‘सीएच’ च्या जागी ‘क्यू’, पूर्णविरामाला ‘एक्स’ आणि शब्दांत लिहिलेले आकडे गृहीत धरूनच अंदाज बांधा.

बिनतारी_कान

एक पुरवणी. पाच अक्षरी गट लष्कर आणि हवाईदलाचे. जर्मन नौदलाच्या एनिग्मा संदेशांत चार अक्षरी असतात. आणि किल्ली बरोबर लागूनही मजकूर अर्ध्यात बिघडला तर किल्ली लगेच बदलू नका. एखादं अक्षर चुकीचं ऐकलं गेलं असेल (मोर्समध्ये यू आणि व्ही यांत एकाच टिंबाचा फरक) तर तेवढं एकच अक्षर बिघडतं, पुढचं ठीक येतं. अक्षर गळलं असेल तर तिथून पुढे चक्रं एक घर मागे राहतात आणि सगळा कचरा येतो. बिघाड सुरू होतो तिथे कुठलंही एक अक्षर घुसवून पुढे चालवा. मजकूर पुन्हा लागला तर गळती तिथेच.