मदत हवी आहे: अनोळखी माणसाच्या घड्याळाचं कौतुक करावं का?

रोज सकाळी ठाण्याहून पनवेल लोकलने तुर्भ्याला जातो. डब्यात समोर एक काका असतात, मनगटावर एचएमटी जनता. ऐरोली आली की दोन बोटांनी चावी देतात, मग घड्याळ कानाशी नेतात. एचएमटीची घड्याळं १९६१ पासूनची, कारखाना कधीच बंद झाला, आणि हे अजून चालतंय! सांगावंसं वाटतं, पण जीभ रेटत नाही.

कारण आधी दोनदा फजिती झालीय. एकाला वाशी स्टेशनवर "मस्त घड्याळ आहे" म्हटलं, तर त्याने बाही खाली ओढून खिसा चाचपला. दुसरा ओशाळून म्हणाला, "फर्स्ट कॉपी आहे हो." तेव्हापासून नुसतं बघतो, जे बहुधा जास्तच संशयास्पद दिसतं.

मला घड्याळ विकत घ्यायचं नाही, किंमतही विचारायची नाही. बायकांच्या घड्याळांवर मी काही बोलत नाही, तो सल्ला नको. काकांशी नजरानजर होते, बोलणं कधीच नाही. गर्दीत बोलू की तुर्भ्याला उतरता उतरता? आणि पहिलं वाक्य नेमकं काय टाकू, म्हणजे ते हात मागे घेणार नाहीत?