मोटरहोम खडबडीत रस्त्यावर आपटते: पाटा वाढवावा, हवा कमी करावी की एअर बेलो बसवावेत?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेले मोटरहोम आम्ही कुटुंबासाठी वापरतो. व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) ३३५० मिलिमीटर आहे, मागे दोन्ही बाजूंना पाट्यांच्या कमानी, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या स्प्रिंगा आहेत आणि दीडशे लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही (चाकांच्या आसाच्याही) मागे, पलंगाखाली बसवलेली आहे. परळी, औंढा नागनाथ आणि वेरूळ ही तिन्ही ठिकाणे सासूबाईंना एकाच फेरीत, सावकाश मुक्काम करत दाखवावीत असा बेत आहे. परंतु त्यांना कमरेच्या मणक्याचा त्रास असल्याने गाडीचे सध्याचे दणके त्यांना सोसणारे नाहीत.

त्रास दोन प्रकारचा आहे. डांबर उखडलेल्या रस्त्यावर लहान खड्ड्यांचा कडक ठोका थेट आसनापर्यंत येतो, आणि कपाटांतल्या भांड्यांचा खडखडाट सुरू झाला की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. दुसरा प्रकार काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्यांचा. तेथे डांबर शाबूत असते, खड्डा दिसत नाही, पण रस्त्याला लांबलांब लाटा पडलेल्या असतात. गाडीचे तोंड खाली जाते, मग मागची बाजू उसळते आणि मागच्या बाकावर बसलेल्या सासूबाई आसनावरून अक्षरशः उचलल्या जातात.

एका गॅरेजमध्ये मागे एकेक पाटा वाढवायला सांगितले, दुसरीकडे टायरमधली हवा कमी करायला, तर तिसरीकडे एअर बेलो, म्हणजे कमानीच्या जोडीला हवा भरलेल्या रबरी पिशव्या बसवायला. खर्चाची तयारी आहे, परंतु आधी काय करावे आणि काय करूच नये, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

जुना कमानमिस्त्री, छत्रपती संभाजीनगर

ताई, पाटा वाढवू नका. एसटीच्या कार्यशाळेत कमानींचेच काम करून मी निवृत्त झालो आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. पाटा वाढवला की कमान जास्त ओझे पेलते आणि गाडीची मागची बाजू वर येते, त्यामुळे काम झाल्यासारखे दिसते. परंतु कमान जितकी ताठ, तितका खड्ड्याचा ठोका वर जास्त पोचतो. मालट्रकला भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत धावावे लागते, म्हणून त्याची कमान भरल्या वजनासाठी ताठ ठेवतात आणि रिकामा असताना तो आदळत जातो. तुमच्या गाडीचे तसे नाही. पलंग, ओटा, फ्रिज, बॅटऱ्या हे ओझे रोज जवळपास तेवढेच असते. म्हणजे टायरची हवा, कमान आणि शॉकअप (गाडीचा झोका शमवणारी नळी) हे सारे एकाच वजनाला नेमके जुळवून घेण्याची सोय मोटरहोमला आहे, आणि ती वापरायची तर ते वजन आधी कळले पाहिजे.

तेव्हा पहिले काम भुईकाट्यावर जाण्याचे. लातूरला डाळमिलचा किंवा जवळच्या साखर कारखान्याचा काटा सहज मिळेल. प्रवासाला निघताना गाडी जशी भरता तशी भरा, सगळे माणसे बसवून न्या आणि तीन वजने घ्या: पूर्ण गाडीचे, फक्त पुढच्या चाकांचे व फक्त मागच्या चाकांचे. काट्याच्या बाजूची जागा समपातळीत असेल तर एकाच बाजूची चाके काट्यावर घेऊन डावी-उजवी तफावतही पाहा, कारण ओटा आणि फ्रिज बहुधा एकाच बाजूला असतात. ही वजने गाडीच्या पाटीवरील मर्यादेत आहेत ना, हे तपासून मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा सांगितली आहे ते बघा. हवा गरजेपेक्षा जास्त असेल तर ती तक्त्यापर्यंत उतरवल्याने बारीक ठोके लगेच कमी होतात, आणि या कामाला पैसा लागत नाही. तक्त्याच्या खाली मात्र जाऊ नका. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडत राहते, टायर आतून तापतो, आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात, त्यातही समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर वेगात असताना, तो फुटण्याचा धोका असतो. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी. तापल्यावर वाढलेली हवा काढून टाकू नये. मोटरहोम उभेच जास्त असते, त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही टायर म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना, कडक झालेला टायर कितीही जुळवून हवा भरली तरी मऊ चालत नाही.

तुमची टाकी हे मोठे कारण आहे. तिचा मध्य मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आहे असे धरले, तर दीडशे किलो पाण्याचे मागच्या चाकांवर सुमारे २०४ किलो ओझे पडते आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे ५४ किलो कमी होते. ॲक्सलच्या मागे लोंबणाऱ्या वजनाने गाडीची मागची बाजू जास्त झुलते. शक्य असेल तर टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणावी. तोवर मुक्कामाच्या गावी पाणी भरून घ्यावे आणि रस्त्यात लागेल तेवढेच सोबत ठेवावे. टाकीत आडभिंती नसतील तर अर्धवट भरलेले पाणी हिंदकळून गाडीला धक्के देते, हेही ध्यानात असू द्या.

मग कमान उघडायची. अनेक पाट्यांच्या कमानीत गंज शिरला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि लहान खड्ड्यात ती लोखंडी तुळईसारखी वागते. पाटे सुटे करून, तारेच्या ब्रशने घासून, ग्राफाइट ग्रीस लावून आणि टोकांच्या घासपट्ट्या बदलून पुन्हा बांधल्यावर फरक हाताला कळतो. शॅकलचे (कमानीचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, झिजल्या असतील तर त्याही बदला. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो. कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळणे विसरू नका.

शेवटी एक तपासणी. ॲक्सल ज्या बंप रबरावर आदळतो त्याला ओला चुना लावा आणि नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून या. खालच्या लोखंडावर चुन्याचा ठसा उमटला असेल तर कमान पूर्ण दबून ॲक्सल रबराला लागतो आहे. तुमचे मोठे दणके कोठून येतात ते मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

गोदाकाठ, नांदेड

काकांनी वजनापासून सुरुवात केली ते योग्यच आहे. वाहनांच्या झोक्यांशी माझा अभ्यासाच्या निमित्ताने संबंध आला, त्यामुळे लाटांच्या रस्त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बारीक ठोके व लांब झोके यांवरचे उपाय वेगळे आहेत.

बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी कंपने सर्वांत जास्त जाणवतात. टायर, कमानीतला गंज आणि कडक बुश यांतून येणारा त्रास त्या भागातला आहे, आणि त्यावर काकांचे उपाय पुरेसे आहेत. काळ्या जमिनीचे प्रकरण निराळे. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा रस्ता या हालचालीने जागोजागी उचलला जातो व खचतो. गाडीचा कमानींवरचा झोका सेकंदाला दीड वेळा होतो असे धरले आणि रस्त्याच्या लाटा दहा-दहा मीटरवर असल्या, तर सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाला प्रत्येक लाट झोक्याच्या तालावर येते आणि झोका वाढत जातो. अशा वेळी वेग पस्तीसच्या खाली आणला की ताल मोडतो. यजमानांना हे सांगून ठेवा. लाटा सुरू झाल्यावर थोडा कमी वेग कोणता ते शोधणे हे उपकरण बदलण्याइतकेच उपयोगी पडते.

झोका थांबवणे हे कमानीचे काम नाही, ते शॉकअपचे आहे. तुमची कमान पॅराबोलिक पाट्यांची असेल तर ते पाटे मध्यावर आणि टोकांनाच टेकतात, घर्षण फार कमी असते, म्हणून शॉकअप खराब झाल्याचा परिणाम तिच्यात लगेच दिसतो. शॉकअप झोक्याची उष्णता करतो. खराब रस्त्यावरून तासभर गाडी चालवून थांबल्यावर चारही शॉकअपच्या नळीजवळ सावधपणे हात न्या. बाकीचे कोमट असताना एखादा गार लागला, तर तो काम करत नाही. नवे घेताना प्रत्यक्ष वजनाला जुळणारे घ्या. सर्वांत कडक तो सर्वांत चांगला, असे समजणे चुकीचे आहे, कारण अतिकडक शॉकअप बारीक ठोके जसेच्या तसे वर पाठवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र आसनाची आहे. गाडी पुढे-मागे झुलते तेव्हा मधला भाग सर्वांत कमी हलतो आणि मागच्या ॲक्सलच्या मागे बसलेल्या माणसाला सर्वांत मोठी उसळी मिळते. सासूबाईंना दोन ॲक्सलच्या मध्ये, समोर तोंड असलेले, सांगाड्याला नीट बांधलेले आणि पट्टा असलेले आसन द्या. हे एक काम केले तरी त्यांच्या वाट्याचा त्रास ज्या प्रमाणात कमी होईल, तसा कोणत्याही कमानीने होणार नाही. चालत्या गाडीत त्यांना पलंगावर झोपू देऊ नका.

बालाघाट, अंबाजोगाई

खडखडाटाविषयी थोडेसे. आवाज कमी झाला की तोच रस्ता कमी वाईट वाटतो, त्यामुळे हे काम दुय्यम समजू नये. ताटल्यांच्या मध्ये जुन्या चादरीचे तुकडे, खणांना घट्ट बसणाऱ्या कड्या आणि जेथे लाकूड पत्र्याला लागते तेथे नमद्याची पट्टी, एवढ्याने बराच फरक पडतो. गॅसचा रेग्युलेटर चालत्या गाडीत बंदच ठेवा आणि नळीचे सांधे खराब रस्ता झाल्यावर साबणाच्या पाण्याने तपासा.

गतिरोधकांचेही बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असून ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा असतो. गावांत आढळणारे अरुंद, उभट उंचवटे त्या मापाचे नसतात. तेथे मागची चाके उतरेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबू नये.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. भुईकाट्यावर जाऊन आलो. मागचे एकूण वजन मर्यादेच्या आत, पण काठावर आहे, आणि डावी बाजू उजवीपेक्षा बरीच जड आहे. फ्रिज, बॅटऱ्या व ओटा डावीकडेच आहेत. चुन्याचा ठसाही फक्त डावीकडे उमटला. मधले आसन बसवून घेण्याचे काम सुरू केले आहे. आता एअर बेलो घ्यावेत का, एवढेच विचारायचे आहे.

जुना कमानमिस्त्री, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी बॅटऱ्या उजवीकडे आणि शक्य तेवढ्या पुढे न्या, टाकी मध्ये आणा, आणि पुन्हा वजन करून चुना लावा. एवढ्याने ठसा उमटायचा थांबला तर बेलोची गरज नाही.

तरीही डावी बाजू लागत राहिली, तर बेलो उपयोगी आहेत, कारण ते कमानीवरचे थोडे ओझे स्वतःकडे घेतात आणि हवा कमी-जास्त करता येते. दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या वेगवेगळ्या ठेवायला सांगा. एकच नळी असली तर वळणावर जड बाजूची हवा हलक्या बाजूला जाते आणि गाडी जास्त कलते. गाडी मूळ उंचीवर येईल एवढीच हवा भरा. त्याहून जास्त भरली की मागची बाजू उंच होते, चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक उतरताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन उलटा दणका बसतो. बेलोने गाडीची वजनमर्यादा वाढत नाही, तेव्हा काठावरचे वजन कमी करावेच लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या रचनेतील बदलांवर बंधने आहेत. म्हणून सांगाड्याला छिद्र पाडून किंवा वेल्डिंग करून बसवणारा संच घेऊ नका, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला व मूळ बोल्टवर बसणारा घ्या, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या.