येऊरची चढण: धाप लवकर थांबली, मांड्या मात्र अजून भरून येतात

उपवनकर
ठाण्यातल्या उपवन तलावापासून वर येऊरच्या फाटकापर्यंत चालत जाण्याचा नेम मी ऐन उन्हाळ्यात धरला. सुरुवातीला चढावर बोलणेही जड जात असे, आता सोबत्याशी गप्पा मारत वर पोहोचतो. इतक्या लवकर फुप्फुसे बळकट होतात का? आणि चढताना काहीही न दुखता, उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या पुढून का ठणकतात? व्यायामशाळेत लॅक्टिक आम्ल साठल्याचे सांगितले, ते मला पटलेले नाही.

खोपटची वाचक
फुप्फुसे व्यायामाने फारशी बदलत नाहीत. सर्वांत आधी बदलते ते रक्त. नियमित श्रम सुरू झाल्यावर काही दिवसांतच मूत्रपिंडे पाणी आणि मीठ थोडे अधिक राखून ठेवतात, रक्तद्रव (रक्तातला पातळ, पाणीदार भाग) वाढतो, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलते आणि त्याच चढाला कमी ठोके पुरतात. उन्हाळ्याचाही यात वाटा असणार, कारण उष्णतेला सरावतानाही शरीर हाच बदल करते आणि घाम लवकर सुटू लागतो. तांबड्या पेशी मात्र सावकाश वाढतात, त्यामुळे या काळातल्या तपासणीत हिमोग्लोबिन किंचित उतरलेले दिसू शकते.

पुढचे काम स्नायूंच्या आत, आठवडे-महिने चालते. तिथे केशवाहिन्या वाढतात आणि पेशींमधल्या तंतुकणिकाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, मायटोकॉन्ड्रिया) वाढतात. 1967 साली व्यायामाचा शरीरावरील परिणाम अभ्यासणारे संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवून दाखवले, की सरावलेल्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण दमसास केवळ छातीत नसतो हे त्याने स्पष्ट केले.

घोडबंदरवासी
आपली शंका रास्त आहे. श्रमात तयार झालेले लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप) तास-दीड तासात ओसरते, आणि हृदय ते इंधन म्हणून वापरते. दोन दिवसांनी होणाऱ्या दुखण्याशी त्याचा संबंध लावता येत नाही. उतारावर दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार आवरत असतो, म्हणजे जोर लावत असतानाच लांबतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे साधारण 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचते. एकदा असा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच श्रमाने कमी दुखावतो, म्हणून रिक्षाने खाली येऊ नका. आधी उतार थोडा ठेवा आणि मग वाढवा.

उपवनकर
मनापासून आभार. दम पुरतो आहे, तर अंतर दुप्पट करावे का?

खोपटची वाचक
एकदम नको. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना, रक्तपुरवठा कमी असतो आणि त्या स्नायूंपेक्षा उशिरा बळकट होतात; दम पुरतो म्हणून अंतर वाढवणाऱ्यांची टाचेमागची कंडरा किंवा गुडघा त्यामुळेच कुरकुरू लागतो. दुखणे एकाच जागी टोचत राहिले, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे, आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी.