हंगामात दमलेला जीव आणि प्रार्थना: काय, किती, कसं? (अनुभव धागा)

ऑक्टोबर लागला की गोव्यात हॉटेलांची, टॅक्सीवाल्यांची, स्वयंपाकघरांची जी धावपळ सुरू होते ती मार्चपर्यंत. मग माणसं येऊन सांगतात, "मिसेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जातो, पण आत काहीच हलत नाही." अशांना ज्यांनी वाट दाखवली आहे त्यांनी इथं लिहावं. आपली कहाणी नको. काय करायचं, किती वेळ, कुठं चुकतं, तेवढं सांगा.

धर्मशिक्षण देणारी, सासष्टी

पवित्र शास्त्रातला १ राजे, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो. देवदूत उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. त्यानंतर ४० दिवसांची चाल, आणि होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी सरल्यावर ती मंद वाणी.

हा क्रम उलटला की बिघडतं. दमलेला माणूस आधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) धरतो, पहाटेचा नेम करतो, उपवास वाढवतो. पाचव्या दिवशी नेम मोडतो आणि त्याला वाटतं, देवालाही आपण नकोसे झालो. म्हणून पहिले १०-१२ दिवस नवा नेम घेऊच नका. जेवण वेळेवर, फोन दुसऱ्या खोलीत, सात-आठ तास झोप. रविवारची मीस सोडू नका. निजताना स्तोत्र १२७ मधलं दुसरं वचन म्हणा, बस्स. आपल्या प्रियजनांना देव झोप देतो, हेच त्यात सांगितलं आहे.

तारवट्यांच्या (जहाजावर काम करणाऱ्यांच्या) घरांत जाणारा, बार्देश

तेर्साबद्दल, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेबद्दल, सांगतो. पाच दशकांच्या पुऱ्या तेर्सात ५३ 'नमान मरिये' (मरियेला वंदन करणारी छोटी प्रार्थना) असतात: दशकाला दहा, आणि सुरुवातीचे तीन. घाई न करता म्हटला तर १५-२० मिनिटं लागतात. दमलेल्याने एकच दशक म्हणावं, तीन-चार मिनिटांचं. प्रत्येक नमानाच्या मधोमध येशूचं नाव येतं, तिथं एक श्वास थांबा. हे थांबणं सुटलं की तोंड चालू राहतं आणि मन उद्याच्या ड्युटीवर जातं. तसं झालं तर पहिल्यापासून सुरू करू नका, आहात त्या मण्यावरून पुढे जा.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना दुपारची आंजेलुस (चर्चच्या घंटेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) सोयीची. तीन लहान वचनं, तीन नमान, शेवटची प्रार्थना, उभ्या उभ्या दोन मिनिटं. जहाजावर घंटा नसते, तिथं फोनवर गजर लावा, पण जहाजाच्या वेळेचा. गोव्याची वेळ धरली की चार दिवसांत नेम सुटतो.

रिट्रीटना (प्रार्थनेसाठीच्या एकांतवासांना) मदत करणारी, तिसवाडी

रात्रीची झडती, म्हणजे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नासियुस यांची पाच पायऱ्यांची पद्धत: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी कृपा. एकूण १०-१५ मिनिटं. बहुतेकांचा पाय चौथ्या पायरीवर अडकतो आणि प्रार्थनेची आरोपांची यादी होते. म्हणून निम्मा वेळ तिसऱ्या पायरीला द्या. तासातासाने दिवस आठवा: जीव कुठं भरला, कुठं रिता झाला? वहीत दोनच ओळी लिहा. पंधरा दिवसांनी वही सलग वाचली की नेमकी कुठली पाळी किंवा कुठली बैठक आपल्याला ओरबाडते ते दिसतं. रात्रपाळीवाल्यांनी सकाळी झोपण्याआधी करावी.

इग्नासियुसाचा एक नियम जपून ठेवा: मन कोरडं, उदास असताना आधीचा ठाम निर्णय बदलू नये. राजीनामा रात्री दोन वाजता लिहू नका. मात्र छळ सहन करत राहा, असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

मौनाच्या रिट्रीटला जायचं तर नोव्हेंबर अखेर टाळा. २४ नोव्हेंबरपासून गोंयच्या सायबाची (संत फ्रान्सिस झेवियर यांची) नोव्हेना, ३ डिसेंबरला फेस्त (सण); जुन्या गोव्याचे रस्ते तुडुंब असतात. आणि पहिला दिवस झोपेत गेला तर जाऊ द्या.

मराठी शिकवणारा, फोंडा

ज्यांना उपदेशपर पुस्तकं आता डोळ्यांपुढे नकोत, त्यांनी फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, घ्यावं. १६१६ साली छापलेला हा ग्रंथ आपल्याच मातीतला, ओवीबद्ध मराठीतला. ओवी भराभर वाचताच येत नाही, हा तिचा मोठा गुण. रोज पाच ओव्या, मोठ्याने, दोनदा. एखाद्या शब्दाशी मन अडलं की तिथंच थांबायचं, त्यावर देवाशी दोन शब्द बोलायचे, मग गप्प बसायचं. जुने शब्द अडले तर अर्थ नंतर पाहा. वाचताना कोश उघडला की अभ्यास सुरू होतो आणि विसावा हरवतो.

परिचारिका, मानसिक आरोग्य विभाग

फादरांकडे जा, पण डॉक्टरांकडेही जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ तपासून घ्या. ते बिघडलं असेल तर प्रार्थनेतही जीव लागत नाही आणि माणूस उगाच स्वतःची श्रद्धा तपासत बसतो. थकवा हे पाप नव्हे, त्याची कुमसारात (फादरांपुढच्या पापकबुलीत) कबुली द्यायची गरज नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच गोडी उरली नसेल, तर बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. एलीयालाही आधी भाकरच मिळाली, सासष्टीच्या बाईंनी लिहिलं ते अगदी खरं.

कॉयर (चर्चची गायनमंडळी) सांभाळणारा, केपें

चर्चमधलंच काम माणसाला दमवतं, हेही बोलायला हवं. कॉयर, धर्मशिक्षण, फेस्ताची समिती, सगळीकडे तीच चार माणसं. निर्गम, अध्याय १८ वाचा: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला बजावतो की तू झिजून जाशील, आणि हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेमायला लावतो. आपल्याकडे हे असं करा: आपली सगळी कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहा, आणि तो कागद फादरांच्या हाती द्या. नुसतं "मला जमत नाही" म्हटलं की "एवढं फेस्त होऊ दे" असं उत्तर मिळतं. पुढे नाव लिहिलेलं असलं की फादर त्या माणसाला फोन करतात.