सहसंबंध ०.९ आला म्हणजे मोजणीची पद्धत बरोबर ठरते का?

पर्णरेषा:
नमस्कार. वनस्पतीरोगशास्त्रात पीएचडी करतेय. पानाचा किती टक्के भाग डागांनी व्यापलाय हे डोळ्यांनी ठरवायचं आणि नोंदवायचं, हे माझं मुख्य काम. सगळा प्रबंध या आकड्यांवर उभा राहणार आहे. एक सहकारी तीच पानं स्वतंत्रपणे बघतो. आमच्या आकड्यांचा सहसंबंध ०.९ च्या वर येतो, त्यामुळे मार्गदर्शकांच्या मते पद्धत विश्वासार्ह ठरली. पण एकेक पान काढून बघितलं की माझे १२ तर त्याचे ८, माझे ३० तर त्याचे २०. फरक नेहमी एकाच बाजूला. मला हे खटकतंय.

निकाल पुन्हा येत नाहीत याबद्दल बरंच वाचलंय. पण मला त्याच्या आधीचं विचारायचंय: मोजण्याची पद्धतच तपासायची कशी? तुमच्या तुमच्या विषयात काय करतात?

काटेकोर:
तुम्हाला खटकतंय ते अगदी योग्य खटकतंय. मी अनेक वर्षं वैद्यकीय संशोधनात संख्याशास्त्राचं काम केलं आणि हा गोंधळ तिथे सतत पाहिला. सहसंबंध एवढंच सांगतो की एकाचा आकडा वाढला की दुसऱ्याचाही वाढतो. एक काटा प्रत्येक वस्तूचं वजन दीडपट दाखवत असेल, तरी खऱ्या काट्याशी त्याचा सहसंबंध पूर्ण १ येईल. तुम्ही दिलेल्या दोन्ही जोड्यांत नेमकं दीडपटच आहे, बघा.

ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं. त्यांची रीत साधी आहे. प्रत्येक पानासाठी दोघांच्या आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर घ्या, फरक उभ्या अक्षावर. फरकांची सरासरी म्हणजे तुमच्यातला कायमचा कल. तिच्या दोन्ही बाजूंना फरकांच्या प्रमाण विचलनाच्या (फरक सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १.९६ पट अंतरावर रेषा काढा. साधारण ९५ टक्के फरक त्या दोन रेषांच्या आत बसतात. मग स्वतःला विचारा: एवढा फरक मला चालणार आहे का? हे संख्याशास्त्र ठरवत नाही, तुमचा रोग ठरवतो. तुमच्या बाबतीत ठिपके उजवीकडे पसरत जातील असं वाटतं, म्हणून आकड्यांचे लॉग घेऊनही तोच आलेख काढून बघा.

आणि एक परीक्षा सहकाऱ्याशिवाय घ्यायची. तीच पानं क्रम बदलून, नवे क्रमांक देऊन, काही आठवड्यांनी पुन्हा बघा. स्वतःशीच जुळत नसेल तर दुसऱ्याशी जुळण्याला अर्थ उरत नाही.

पर्णरेषा:
पण दोघांत बरोबर कोण, हे यातून कळत नाही ना?

काटेकोर:
नाही कळत. दोघंही चुकत असू शकता.

तरंगलांबी:
इथे भौतिकशास्त्राचा अनुभव उपयोगी पडेल. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न पद्धतीला घालायचा, पण उत्तर मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

मला या बाबतीत सर्वात जास्त आदर वाटतो तो लायगो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या २०१० मधल्या परीक्षेबद्दल. त्या सप्टेंबरमध्ये गुरुत्वीय लहरीसारखा ठळक संकेत आला. खोटे संकेत गुपचूप घातले जाऊ शकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, हा त्यांतलाच आहे का हे मात्र मोजक्या लोकांनाच. बाकीच्यांनी अनेक महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधसुद्धा लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये हे गुपित ठेवलेलं पाकीट उघडलं तेव्हा कळलं की संकेत मुद्दाम घातलेला होता. ते श्रम वाया गेले असं मला मुळीच वाटत नाही. २०१५ मध्ये खरा संकेत आला तेव्हा ही सगळी साखळी एकदा तपासून झालेली होती.

तुम्हाला हे सहज करता येईल. संगणकावर पानांची चित्रं तयार करा, त्यात नेमक्या ज्ञात क्षेत्रफळाचे डाग घाला आणि ती दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या खऱ्या फोटोंमध्ये मिसळायला सांगा.

काटेकोर:
हे उत्तम. त्यात बारीक, विखुरलेले डाग भरपूर ठेवा. एकूण क्षेत्र तेवढंच असताना डाग लहान आणि संख्येने जास्त असले की डोळा जास्त टक्के सांगतो. तुमच्या क्षेत्रात यासाठी प्रमाणचित्रं, म्हणजे किती टक्के डाग कसे दिसतात हे दाखवणारी नमुना चित्रं, वापरतात. ती समोर ठेवून सराव करा आणि सरावानंतर परीक्षा पुन्हा घ्या, म्हणजे सुधारणा झाली की नाही हेही मोजलं जाईल.

पिंजरा_क्र_९:
प्राणीवर्तनातून थोडा वेगळा सूर लावते. पद्धत सुधारायची म्हटलं की सगळे म्हणतात, परिस्थिती अगदी एकसारखी ठेवा. १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी हेच करून पाहिलं. उंदरांचे तेच वाण, त्याच चाचण्या, शक्य तितकी सारखी परिस्थिती, पण प्रयोगशाळा तीन. तरी काही चाचण्यांत निकाल प्रयोगशाळेनुसार बदलले. पुढे वुर्बेल यांच्या गटाने उलटी वाट सुचवली: प्रयोगातच थोडी विविधता मुद्दाम आणा, म्हणजे निष्कर्ष एकाच खोलीपुरता राहणार नाही. तेव्हा सगळे फोटो एकाच प्रकाशात, एकाच कॅमेऱ्याने काढून पद्धत तपासू नका.

पर्णरेषा:
खूप आभार. एक शंका राहिली. कोणत्या पानांवर बुरशीनाशक फवारलंय हे मला माहीत असतं. आणि जुन्या आकड्यांचं काय करू?

काटेकोर:
पहिली गोष्ट आजच थांबवा. रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना उंदीर दिले आणि काही 'हुशार' जातीचे, काही 'मंद' जातीचे असल्याचं सांगितलं. वाटणी प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती, तरीही 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. ते विद्यार्थी प्रामाणिक होते, म्हणून तर हा प्रयोग महत्त्वाचा. फोटोंना सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने द्यावेत आणि यादी त्याच्याकडेच राहावी.

जुने आकडे फेकू नका. फोटो ठेवले असतील तर त्यांतून यादृच्छिक नमुना काढा, सांकेतिक क्रमांकांखाली पुन्हा बघा आणि जुन्या-नव्यातला फरक फवारलेल्या व न फवारलेल्या पानांसाठी वेगवेगळा काढा. दोन्हीकडे सारखाच असेल तर तुलना बहुतेक टिकेल. एकीकडेच जास्त असेल तर सगळे फोटो पुन्हा बघावे लागतील. किती फरकाला 'जास्त' म्हणायचं ते नमुना उघडण्याआधी लिहून मार्गदर्शकांना पाठवून ठेवा.